तेरा जागी एकच शब्द

ताई आणि त्यांचा धाकटा भाऊ यांचं बिनसलं ते एका शब्दावरून, हे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नसे. लोकांना वाटे, घराच्या वाटणीवरून असेल, नाहीतर वडिलांना कुणी सांभाळायचं यावरून. पण घर भाड्याचं होतं, आणि वडील पहिल्यापासून ताईंकडेच होते. वाद होता तो तेरा जागी आलेल्या एका शब्दाचा, आणि तो चौदा महिने चालला.

ताईंनी अठ्ठावीस वर्षं ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या विद्यालयात जुनी ग्रीक भाषा शिकवली होती. परीक्षा संपली की विद्यार्थी ती भाषा पावसाळ्यानंतरच्या छत्रीसारखी कुठंतरी विसरून येत, आणि पुढे पाळक होऊन तिच्यावाचून सुखानं जगत. ताईंचा धाकटा भाऊसुद्धा त्यातलाच. तो आता गावातल्या मोठ्या ख्रिस्ती मंडळीचा पाळक होता, बोलायला गोड, माणसं धरून ठेवण्यात पटाईत. ताई निवृत्त झाल्या तेव्हा त्यानंच त्यांना नव्या कराराच्या सुधारित भाषांतराच्या समितीवर घेतलं. समिती तिघांची: अध्यक्ष तो स्वतः, दुसरे मंडळीतले निवृत्त वकील, आणि तिसऱ्या ताई. मूळ ग्रीक वाचता येणारं माणूस त्यात एकच होतं, आणि त्या माणसाला मत एकच होतं.

जे भाषांतर सुधारायचं ते खुद्द त्यांच्या वडिलांचं. अण्णांनी एकोणपन्नास वर्षांपूर्वी केलेलं. दोन पिढ्यांनी त्यातली वचनं पाठ केली होती, लग्नाच्या पत्रिकांवर छापली होती, थडग्यांवर कोरून घेतली होती. पण भाषा जुनी झाली होती. काही शब्दांवर रविवारच्या शाळेतली मुलं फिदीफिदी हसायची. म्हणून हे काम निघालं होतं.

प्रार्थनागृहामागच्या दोन खोल्यांत मंगळवारी आणि शुक्रवारी समिती बसे. खिडकीखाली टायर दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे प्रेषितांच्या पत्रांवर चर्चा चालू असताना मधूनच हवा सुटल्याचा आवाज येई. मोठं टेबल एका पायानं आखूड होतं, आणि लोखंडी कपाटाचं दार गुडघ्यानं ढकलल्याशिवाय उघडत नसे. ताईंना हे सगळं आवडलं होतं. पहिले सहा महिने त्यांनी एकटीनं बसून प्रत्येक महत्त्वाच्या शब्दाचं कार्ड केलं: मूळ शब्द, तो कुठं कुठं आला, अण्णांनी तिथं काय लिहिलं.

त्यात हा शब्द हाती लागला. ग्रीकमध्ये तो ‘पारादोसिस’. एकानं दुसऱ्याच्या हाती दिलेलं, असा त्याचा उघडावाघडा अर्थ. नव्या करारात तो तेरा वेळा येतो. दहा वेळा टोचून, बजावून किंवा मागे टाकलेल्या गोष्टीबद्दल बोलावं तसा: वडीलधाऱ्यांनी घालून दिलेलं तुम्ही घट्ट धरता, आणि त्यापायी देवाची आज्ञा मात्र सोडून देता, या चालीवर. उरलेल्या तीन जागी प्रेषित पौल हाच शब्द आपल्या पत्रांत कौतुकानं, आग्रहानं वापरतो: मी तुमच्या हाती जे दिलं ते सोडू नका. अण्णांनी त्या दहा जागी ‘परंपरा’ लिहिलं होतं, आणि तीन जागी ‘शिकवण’.

ताईंनी कार्ड पुन्हा मोजली. मग चष्मा पुसून आणखी एकदा मोजली. म्हणजे पन्नास वर्षं मराठी वाचकाला पत्ताच नव्हता की हा एकच शब्द आहे. त्याला वाटत आलं होतं, परंपरा ही त्या लोकांची, वाईट. आपल्याकडे असते ती शिकवण.

पुढच्या मंगळवारी त्यांनी हे समितीपुढे मांडलं. तेराच्या तेरा जागी ‘परंपरा’ करावं, असं सुचवलं. वकिलांनी विचारलं, फरक काय पडतो.

“शेजाऱ्याचं पोर ऐकत नसलं की ते हट्टी, आणि आपलं ऐकत नसलं की बाणेदार,” ताई म्हणाल्या. “तेवढाच फरक पडतो.”

वकील हसले. पाळकही हसला, आणि म्हणाला की मुद्दा चांगला आहे, पुढच्या बैठकीत सविस्तर घेऊ.

तिथून ते घोंगडं भिजत पडलं. पुढच्या बैठकीला वकिलांना ताप होता. त्याच्या पुढच्या बैठकीत एका स्वल्पविरामावर दोन तास गेले, आणि स्वल्पविराम होता तिथंच राहिला. नंतर दोन अंत्यविधी आले, एक लग्न आलं. एकदा कपाटाचं दार उघडेना, आणि सगळी कार्डं आत. एकदा तर विषय निघालाही, पण पाळकानं अशी काही मखलाशी केली की बैठक संपल्यावर ताईंना कळेना, आपला मुद्दा मान्य झाला की फेटाळला गेला. टिपणवहीत वकिलांनी लिहिलं होतं, ‘साधकबाधक चर्चा झाली.’ ताईंनी ते वाक्य वाचलं आणि वही इतक्या जोरात मिटली की खालच्या दुकानातल्या माणसानं वर बघितलं.

घरी आल्या की त्यांचा राग भांड्यांवर निघे. अण्णा अठ्ठ्याऐंशी वर्षांचे. सज्ज्यातल्या खुर्चीत बसून वर्तमानपत्र अथपासून इतिपर्यंत वाचत. कानाला यंत्र होतं, आणि ते कधी बंद ठेवायचं हे त्यांना बरोबर कळे. स्वयंपाकघरात आदळआपट सुरू झाली की त्यांचा हात आपोआप कानाकडे जाई.

वादाच्या आठव्या महिन्यात पाळकानं शेवटचं हत्यार काढलं. “ताई, अण्णांनी हे आंधळेपणानं केलं असेल का? त्यांना ग्रीक येत नव्हतं का? त्यांनी तीन जागी वेगळा शब्द घातला तो विचार करूनच ना?”

अण्णांची ग्रीक ताईंहून पक्की होती. त्यांना ती शिकवली होती अण्णांनीच. मग आपल्याच वडिलांना विचारायचं सोडून आठ महिने आपण टेबलावर का डोकं फोडत होतो, हे त्यांना सांगता आलं नसतं. खरं म्हणजे अण्णा त्या भाषांतराबद्दल कधीच बोलत नसत. कुणी स्तुती केली तर विषय बदलत. घरात त्या पुस्तकाची एक प्रत होती, ती कपड्यांच्या कपाटात, हिवाळ्याच्या शालींखाली.

ताईंनी त्या रविवारी विचारलं. अण्णांनी कान दाखवला. ताईंनी पाटीवर लिहिल्यासारखं मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून दिलं. अण्णांनी वाचलं, कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि वर्तमानपत्रातल्या हवामानाबद्दल बोलू लागले. पुढचे चार दिवस ताकास तूर लागू दिली नाही. पाचव्या दिवशी ताई त्यांची दाढी करत होत्या. गालाला साबण लावलेला, मान वर केलेली, पळून जायला जागा नाही. तेव्हा अण्णा आपणहून बोलले.

त्यांनी सांगितलं ते असं. त्यांचे वडील, म्हणजे ताईंचे आजोबा, तरुणपणी जुन्या मंडळीतून बाहेर पडले होते, चाळीस घरांना बरोबर घेऊन. भांडण नेमकं यावरच होतं. तिकडचे म्हणत, परंपरेनं आलंय ते पाळा. हे म्हणत, लिहिलेलं असेल तेवढंच पाळू. आजोबांचे दोन सख्खे भाऊ तिकडेच राहिले. पुन्हा त्यांची तोंडं आजोबांनी पाहिली नाहीत, एकाच्या मातीलाही गेले नाहीत. इतकी किंमत मोजून माणूस एक शब्द टाकून देतो. आणि मग तीसएक वर्षांनी त्याच्या मुलानं भाषांतर पूर्ण केलं, आणि सगळ्या मंडळीसमोर त्यातली पत्रं वाचून दाखवायला घेतली. त्या पहिल्या मसुद्यात तेराच्या तेरा जागी ‘परंपरा’ होतं.

“मी वाचलं, परंपरा धरून राहा,” अण्णा म्हणाले. “आणि बाबा उठले. पहिल्या ओळीतून उठले. म्हणाले, ज्या शब्दापायी मी भाऊ सोडले, तो तू प्रेषिताच्या तोंडून माझ्या पदरात घालतोस? आणि गेले. निम्मी मंडळी त्यांच्यामागून गेली.”

अकरा महिने आजोबा या घरी आले नाहीत. दोन गल्ल्या सोडून राहत, पण रस्त्यात मुलगा दिसला की पलीकडून चालत. ताई तेव्हा तेरा वर्षांच्या होत्या, वसतिगृहात. त्यांना आईनं पत्रातून एवढंच कळवलं होतं की आजोबांची तब्येत बरी नसते.

“मग?” ताईंनी विचारलं. हातातला वस्तरा त्यांनी केव्हाच खाली ठेवला होता.

“मग मी तीन जागी शिकवण केलं. छापखान्यात जायच्या आदल्या आठवड्यात. त्या रविवारी बाबा जेवायला आले.”

“पण चूक होती ती, अण्णा.”

“होतीच.”

“तुम्हाला माहीत होतं.”

“तुझ्याहून जास्त माहीत होतं.”

“मग एकोणपन्नास वर्षं गप्प का बसलात? आजोबा जाऊनही चाळीस वर्षं झाली. दुसरी आवृत्ती निघाली, तिसरी निघाली.”

अण्णांनी पंच्यानं स्वतःच गाल पुसला. अर्धी दाढी तशीच होती. “तोवर लोकांनी पाठ केलं होतं गं,” ते म्हणाले.

ताईंना इतका संताप आला की त्या उठून आत गेल्या. त्यांना वडिलांचा राग आला, आजोबांचा आला, आणि सगळ्यात जास्त आला तो या गोष्टीचा की यात रागवायला धड कुणी हाती लागत नव्हतं. लबाडी कुणी केलीच नव्हती. एका माणसानं बाप घरी जेवायला यावा म्हणून तीन शब्द बदलले होते. ताईंनी त्याच्या जागी काय केलं असतं, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही. दहा मिनिटांनी बाहेर येऊन त्यांनी दुसऱ्या गालाची दाढी पूर्ण केली. तेव्हा अण्णांनी कागद मागितला, आणि लिहून दिलं की मूळ मसुद्यात तिन्ही जागी ‘परंपरा’ होतं, तेच बरोबर आहे, तेच घालावं. खाली सही केली.

तो कागद टेबलावर ठेवला तेव्हा पाळकाचा चेहरा उतरला. त्यानं तो दोनदा वाचला. अण्णांनी हे ताईला सांगितलं आणि आपल्याला नाही, हे त्याला लागलं असावं. वकील म्हणाले की लेखी पुरावा आल्यावर प्रश्नच मिटला. पाळकानंही मान हलवली. “ठीक आहे. तिन्ही जागी परंपरा,” तो म्हणाला, आणि वकिलांनी टिपणवहीत तसं लिहिलं, तारखेसकट.

ताई त्या दिवशी घरी चालत गेल्या. वाटेत अण्णांसाठी त्यांना आवडतात तसली मऊ केळी घेतली. स्वयंपाकघरातून दोन आठवडे कसलाही आवाज आला नाही.

तिसऱ्या आठवड्यात त्यांना जुळणीबाईंचा फोन आला. संगणकावर पानं लावणाऱ्या या बाईंना सगळे जुळणीबाईच म्हणत. पन्नाशीच्या, तुटक बोलणाऱ्या. वीस वर्षं पंचांगापासून पाठ्यपुस्तकांपर्यंत हरतऱ्हेची पानं लावून त्यांची नजर घारीसारखी झाली होती. त्यांनी विचारलं, “ताई, पाळकसाहेबांनी दहा दुरुस्त्या पाठवल्यात. तुम्हाला माहीत आहेत ना?”

ताईंना माहीत नव्हत्या.

“सगळीकडे परंपरा काढून रूढी करायचंय. शुभवर्तमानांत आठ, पत्रांत दोन. तुमची तीन आहेत तशीच आहेत. मला वाटलं, विचारून घ्यावं. कारण आधी तुम्हीच म्हणाला होता, हा शब्द सगळीकडे एक हवा.”

ताईंनी फोन ठेवला, चपला घातल्या आणि तशाच निघाल्या.

पाळक प्रार्थनागृहात एकटाच होता. भिंतीवरच्या लाकडी फळीवर रविवारच्या गीतांचे आकडे बदलत एका स्टुलावर उभा होता. ताईंना पाहिल्यावर तो समजला. खाली मात्र उतरला नाही.

“तू तीन मागितलेस, तीन दिले,” तो म्हणाला.

“मी तेरा मागितले होते.”

“अण्णांच्या कागदात तीनच आहेत.”

हे खरं होतं. अण्णांनी तीनच लिहिले होते, कारण बाकीचे दहा बदलायचं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. ताईंना एकदम थकवा आला. त्या पहिल्या ओळीतल्या बाकावर बसल्या आणि वर्गात शिकवावं तशा, पण वर्गात कधी चढला नव्हता अशा आवाजात बोलू लागल्या. त्यांनी त्याला सांगितलं की तीन जागी चांगला शब्द आणि दहा जागी वाईट, एवढंच करायचं असतं तर अण्णांचं भाषांतर काय वाईट होतं. तिथं निदान ‘शिकवण’ तरी गोड वाटत होतं. आता फक्त पाट्या बदलल्या, भिंत तिथंच. लिहिणाऱ्यांनी मुद्दाम दोन शब्द वापरले नाहीत. पौल तरुणपणी बापजाद्यांच्या परंपरेसाठी पेटून उठला होता असं स्वतःच लिहितो, आणि तोच माणूस पुढे म्हणतो, माझ्याकडे जी आली ती परंपरा धरा. त्याच शब्दात. तो लाजला नाही, मग आपण कोण त्याची लाज झाकणारे?

“आणि या शब्दाचं क्रियापद बघ,” त्या म्हणाल्या. “प्रभुभोजनाबद्दल लिहितो तिथं. मला जे मिळालं ते मी तुमच्या हाती दिलं, म्हणतो. आणि पुढं त्याच वाक्यात, ज्या रात्री प्रभूला शत्रूंच्या हाती दिलं. दोन्हीकडे एकच क्रियापद. भाकरीची गोष्ट हाती देणं तेही तेच, आणि धरून देणं तेही तेच. हाती दिलेलं पवित्रही असू शकतं आणि घातही असू शकतो. शब्द सांगत नाही कुठलं ते. ते ज्याच्या हातात पडलं त्यानं बघायचं.”

“ज्याच्या हातात पडतं तो बघत नाही, ताई.” पाळक आता खाली उतरला होता. हातात सातचा आकडा तसाच. “तू वर्गात शिकवलंस. मी दर रविवारी यांच्यासमोर उभा असतो. यांना एकाच पुस्तकात एकदा परंपरा टाका आणि एकदा परंपरा धरा असं दिलं, तर निम्मे म्हणतील पुस्तकात चूक आहे, आणि निम्मे आपल्याला सोयीची बाजू घेऊन एकमेकांच्या उरावर बसतील.”

“बसू देत.”

“तू म्हणू शकतेस, बसू देत. तू तेव्हा इथं नव्हतीस.”

ताईंनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं.

“मी होतो,” तो म्हणाला. “मी सहा वर्षांचा. आजोबांच्या मांडीवर बसलो होतो, पहिल्या ओळीत. ते उठले तेव्हा मला हाताला धरून घेऊन गेले. मला वाटलं, संपलं सगळं, चला घरी. रस्त्यात त्यांनी माझा हात सोडला आणि म्हणाले, जा, बापाकडे जा. मला रस्ता माहीत नव्हता. आईनं शोधून आणलं. त्यानंतर अकरा महिने मी त्यांच्या दारावरून शाळेत जायचो आणि ते खिडकीत असायचे आणि हाक मारायचे नाहीत.”

त्यानं सातचा आकडा खोक्यात टाकला. “मला सगळं माहीत होतं. अण्णांनी तुला सांगितलं, मला सांगायची गरजच नव्हती. मी पाळक झालो तेव्हा ठरवलं, माझ्यादेखत या खोलीतून कुणी उठून जाणार नाही. रूढी म्हटलं की कुणी उठत नाही, ताई. परंपरा म्हटलं की कौतुक असेल तिथंही कुणी उठत नाही, तेवढं आता जग बदललंय. पण दोन्ही एक आहेत म्हटलं की उठतात.”

ताईंना त्याची दया आली, आणि दया आली म्हणून आणखी चीड आली. इतके महिने हा माणूस त्यांना ताप, लग्न, अंत्यविधी आणि स्वल्पविराम दाखवत राहिला, आणि खरं कारण हे होतं. पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर त्या भांडल्या असत्या, पण वेगळ्या भांडल्या असत्या.

“तळटीप तरी घाल,” त्या शेवटी म्हणाल्या. “मूळ शब्द एकच आहे, एवढी एक ओळ.”

तो कबूल झाला. ओळ लिहिली गेली, मंजूर झाली, जुळणीबाईंकडे गेली. पण छापण्याआधी पानं जास्त झाली. समितीनं ठरवलं की तळटीपा कमी करायच्या, आणि पाळक आणि वकील यांनी मिळून ज्या चाळीस गाळल्या त्यात ही एकोणिसावी होती. ताई त्या बैठकीला होत्या. त्यांनी एकटीनं विरोधात हात वर केला आणि बराच वेळ खाली घेतला नाही. वकिलांनी टिपणवहीत लिहिलं, ‘बहुमतानं.’ मग ताईंनी सांगितलं की भाषांतरकारांच्या यादीतून आपलं नाव काढावं. पाळकानं फार गळ घातली, घरी येऊन बसला, बायकोला पाठवलं. अण्णा म्हणाले, नाव राहू दे, नाव काढून कुणाला काय कळणार आहे. ते खरंच होतं, पण ताईंनी काढायला लावलं. त्यांच्या हातात तेवढंच होतं.

पुस्तक निघालं त्या रविवारी प्रार्थनागृह भरलं होतं. नव्या पुठ्ठ्याचा वास येत होता. ताई अण्णांना घेऊन बाजूच्या बाकावर बसल्या. अण्णांनी त्या दिवशी यंत्र चालू ठेवलं होतं. पाळकानं नव्या पुस्तकातून शुभवर्तमानातला, जेवणाआधी हात धुण्याच्या वादाचा उतारा वाचायला घेतला. सुरुवात नीट झाली. आणि मग त्यानं ‘वडीलधाऱ्यांची परंपरा’ असं वाचलं.

ताईंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. त्यांनी हातातलं पुस्तक बघितलं. रूढीच होतं. पुढच्या वाक्यात त्यानं पुन्हा परंपरा म्हटलं, आणि त्याच्याही पुढे पुन्हा. त्या उताऱ्यात पाचच्या पाच वेळा. त्याचे डोळे पानावर होते, आवाज ठाम होता, आणि त्याला काही जाणवलेलं दिसत नव्हतं. समोर बोटानं ओळी धरून वाचणारे वकील दुसऱ्याच वेळी थांबले आणि त्यांनी वर बघितलं. बाकी कुणाच्या काही लक्षात आलं नाही. कुणी उठलंही नाही.

उपासना संपल्यावर ताई त्याच्याकडे गेल्या.

“तू काय वाचलंस, कळलं का तुला?”

त्यानं विचारलं, काय. ताईंनी पान उघडून दाखवलं. तो बघत राहिला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“पाठ आहे ना, ताई,” तो म्हणाला. “अण्णांनीच पाठ करून घेतलंय.”

ताई थांबल्या. आता तो काहीतरी म्हणेल असं त्यांना वाटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा दोघं एका गोष्टीच्या अगदी समोर उभे होते. एक पाऊल टाकायचं होतं. भेटायला आलेली माणसं मागं रांगेत उभी होती. त्यानं पुस्तक मिटलं.

“पुढच्या वेळी बघून वाचेन,” तो म्हणाला, आणि रांगेतल्या पहिल्या म्हाताऱ्याचा हात हातात घेतला.

घरी जाताना अण्णांनी विचारलं, काय म्हणाला तो. ताईंनी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला, रस्त्याच्या कडेला उभं राहून पाठ चोळावी लागली. ताईंना अजिबात हसू आलं नाही. उलट त्या वडिलांवर करवादल्या, की तुमच्या हसण्यानंच हे सगळं असं झालंय. त्यात काही अर्थ नव्हता, आणि ते त्यांना बोलतानाच कळलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एका कागदावर तेरा जागा ओळीनं लिहिल्या, शेवटी ‘सगळीकडे परंपरा’ अशी दुरुस्ती लिहिली आणि दुसऱ्या आवृत्तीसाठी म्हणून तो कागद समितीकडे पाठवला. एक प्रत जुळणीबाईंना नेऊन दिली. बाईंनी ती वाचली, तेरा आकडे बोटावर मोजून बरोबर आहेत ना पाहिलं, आणि संगणकामागच्या भिंतीवर चिकटपट्टीनं लावली. समितीकडून आठवड्यानं चिठ्ठी आली. वकिलांचं अक्षर होतं. ‘पत्र पोहोचलं. साधकबाधक विचार होईल.’

दुसरी आवृत्ती अजून निघालेली नाही.